पट वेगळा, हजेरी वेगळी: खरी सैन्यरचना वॉरगेमच्या टेबलावर कशी उतरवावी

खोक्यात चोवीस फिगर, म्हणजे शिपायांच्या छोट्या प्रतिकृती, होत्या, म्हणून माझी पहिली फ्रेंच बटालियन चोवीसांची झाली. सहा-सहा फिगरचे चार बेस (फिगर चिकटवायच्या पट्ट्या) केले, निळे कोट रंगवले, पांढरे पट्टे ओढले. पहिल्याच डावात ती कॉलममध्ये उभी करायची वेळ आली आणि गाडी अडली. १८०९ सालची फ्रेंच बटालियन हल्ल्याच्या कॉलममध्ये दोन कंपन्या रुंद आणि तीन कंपन्या खोल अशी उभी राहायची. चार बेसमधून ती रचना काही केल्या निघत नाही. आघाडीला पांगून लढायला एक कंपनी पुढे पाठवायची म्हटलं, तर सहावा हिस्सा जायला हवा तिथे पाव बटालियन निघून जात होती. रंग, कोट, झेंडा सगळं बरोबर होतं, पण टेबलावर उभी होती ती फ्रेंच बटालियन नव्हती.

सैन्यरचना म्हणजे फिगरची मोजदाद नव्हे. कोण कोणाला हुकूम देतो, तुकडी कुठल्या सांध्यावर तुटते आणि जड हत्यार कोणाच्या ताब्यात असतं, या तीन गोष्टी म्हणजे रचना. हे सांधे टेबलावर आले, तर निम्म्या फिगर कमी असल्या तरी डाव खरा वाटतो. ते आले नाहीत, तर हजार फिगर मांडूनही उपयोग नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या सांध्यांसाठीच आहेत.

आधी खुर्ची ठरवा

खेळाडू कोणाच्या जागी बसला आहे? प्लाटूनच्या अधिकाऱ्याच्या, बटालियनच्या कर्नलच्या, की डिव्हिजनच्या जनरलच्या? हे ठरल्याशिवाय एकही फिगर विकत घेऊ नये, असं माझं मत आहे.

इथे एक साधा नियम कामी येतो. सेनाधिकारी आपल्या खालच्या पातळीला हुकूम देतो आणि त्याच्याही खालच्या पातळीचा विचार डोक्यात ठेवतो. कर्नल कंपन्यांना हुकूम देतो, पण नकाशावर त्याच्या मनात प्लाटून असतात. म्हणून खेळाडू कर्नल असेल, तर सर्वांत लहान बेस प्लाटूनचा असावा. ब्रिगेडियर असेल तर कंपनीचा. प्लाटूनचा अधिकारी असेल तर एक फिगर म्हणजे एक माणूस. याच्या खाली उतरलात, तर कर्नलच्या खुर्चीत बसून कोणत्या शिपायाने कोणत्या भिंतीआड वाकावं हे ठरवत बसाल, आणि डाव संध्याकाळपर्यंत संपणार नाही.

साल, शाखा आणि शब्दांचे सापळे

‘नेपोलियनची फ्रेंच बटालियन’ अशी एकच गोष्ट कधी नव्हती. १८०५ साली ऑस्टरलिट्झला लढलेली बटालियन नऊ कंपन्यांची होती. १८ फेब्रुवारी १८०८ च्या हुकुमाने ती सहा कंपन्यांची झाली: चार फ्युझिलिअर (साधं पायदळ), एक ग्रेनेडिअर (निवडक धिप्पाड शिपाई), एक व्होल्टिजर (पांगून लढणारे चपळ शिपाई), आणि प्रत्येक कंपनीचा पट, म्हणजे मंजूर संख्या, १४० चा. तोच देश, तेच कोट, पण तीन वर्षांत सांधे बदलले. म्हणून देशाच्या आधी साल लिहा, आणि जमलं तर महिना.

दुसरा सापळा शब्दांचा. एकच शब्द दोन सैन्यांत दोन वेगळ्या आकारांना लावलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन इन्फंट्री रेजिमेंट म्हणजे तीन बटालियन एकत्र लढणारी तुकडी. ब्रिटिशांकडे मात्र इन्फंट्री रेजिमेंट हे कूळ आहे. तिच्या बटालियन वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये, अनेकदा वेगवेगळ्या खंडांत असायच्या. अमेरिकन रेजिमेंटच्या तोडीची ब्रिटिश तुकडी म्हणजे ब्रिगेड. त्याच ब्रिटिश सैन्यात रणगाड्यांची ‘रेजिमेंट’ मात्र बटालियनएवढी असते, तिच्यात ‘स्क्वाड्रन’ म्हणजे कंपनी आणि ‘ट्रूप’ म्हणजे प्लाटून. आणि अमेरिकन घोडदळाचा ‘ट्रूप’ म्हणजे कंपनी! ब्रिटिश फील्ड आर्टिलरी रेजिमेंटमध्ये आठ-आठ तोफांच्या तीन बॅटऱ्या, म्हणजे २४ तोफा; अमेरिकन फील्ड आर्टिलरी बटालियनमध्ये चार-चारच्या तीन, म्हणजे १२. सोव्हिएत ‘टँक कोअर’ आकाराने इतरांच्या डिव्हिजनजवळ जाते. फ्रेंच बटालियनच्या आत दोन कंपन्यांच्या जोडीलाही ‘डिव्हिजन’च म्हणत. १८१५ च्या ब्रिटिश कागदांत पायदळासोबतच्या सहा तोफांच्या बॅटरीला ‘ब्रिगेड’ म्हटलेलं आढळेल.

यावर उपाय सोपा आहे. वहीत एक तक्ता करा, त्यात नावाऐवजी पातळी लिहा आणि नकाशावरच्या लष्करी खुणा वापरा: तीन ठिपके म्हणजे प्लाटून, एक उभी रेघ म्हणजे कंपनी, दोन म्हणजे बटालियन, तीन म्हणजे रेजिमेंट, एक फुली ब्रिगेड, दोन फुल्या डिव्हिजन. ब्रिटिश स्क्वाड्रन आणि अमेरिकन कंपनी दोन्हींसमोर एक उभी रेघ पडली की घोळ मिटतो.

पटावर किती, हजर किती

शाळेत पटावर साठ मुलं असतात आणि वर्गात पंचेचाळीस बसलेली असतात. सैन्याचंही तसंच. पुस्तकांत आणि तक्त्यांत मिळतो तो मंजूर पट. लढाईच्या सकाळी रांगेत उभी असते ती हजेरी. डिसेंबर १९४२ च्या सोव्हिएत रायफल डिव्हिजनचा पट ९,४३५ चा होता, पण मोहिमेत मुरलेल्या डिव्हिजन त्याच्या बऱ्याच खाली असत. नेपोलियनच्या काळी ब्रिटिश बटालियनचा पट दहा कंपन्यांचा, साधारण हजाराचा. स्पेनच्या मोहिमेत पाचशे-सहाशेची बटालियन म्हणजे चांगली भरलेली.

हजेरी शोधायची तर त्या दिवसाचे किंवा जवळच्या तारखेचे हजेरीपत्रक पाहा. ब्रिटिशांकडे त्याला ‘मॉर्निंग स्टेट’ म्हणत. पाहताना एक गोष्ट जपा. त्या काळच्या ब्रिटिश आकड्यांत बरेचदा फक्त ‘रँक अँड फाइल’, म्हणजे कॉर्पोरल आणि शिपाईच मोजलेले असतात. अधिकारी, सार्जंट आणि ढोलवाले धरलेले नसतात. एकूण संख्या हवी असेल तर त्यात साधारण एक-अष्टमांश मिळवतात: ६०० चे ६७५ होतात. फ्रेंच आकड्यांत मात्र सहसा सगळे धरलेले असतात. हा फरक लक्षात न घेता दोन्ही सैन्यं एकाच मापाने मांडली, तर ब्रिटिशांवर प्रत्येक बटालियनमागे अन्याय होतो.

आता कपात. इथे बहुतेक जण सरसकट टक्के कापतात, आणि ते चुकतं. माणसं सगळीकडून सारखी कमी होत नाहीत. १९४४ च्या ब्रिटिश रायफल प्लाटूनचा पट ३७ चा: दहा-दहाची तीन सेक्शन आणि सात जणांचं मुख्यालय, त्यातच दोन इंची मॉर्टर (लहान उखळी तोफ). सेक्शनमध्ये तिघं ब्रेन गनजवळ (ही हलकी मशीनगन), आणि कॉर्पोरलसह सात रायफलवाले. ही प्लाटून २४ वर आली, तर ब्रेन गन टाकून देत नाहीत, रायफलवाले कमी होतात. मग उरतं काय? मुख्यालय सहा, आणि सहा-सहाची तीन सेक्शन: ब्रेनवर दोघे, कॉर्पोरल आणि तीन रायफली. किंवा नऊ-नऊची दोन सेक्शन. पहिल्यात हालवायला तीन सोंगट्या आणि तीन ब्रेन, पण प्रत्येक सेक्शन एका फटक्यात मोडेल असं. दुसऱ्यात सेक्शन दमदार, पण एकाने गोळीबाराने शत्रूला दाबून धरायचं, दुसऱ्याने बगल गाठायची आणि राखीव ठेवायला कोणी नाही. संख्या जवळपास तीच, पण डाव पूर्ण निराळा. शक्य असेल तिथे त्या तुकडीने यातलं काय केलं ते शोधावं. नाही सापडलं तर मी तीन लहान सेक्शन ठेवतो.

१८०९: सहाशे विरुद्ध सहाशे

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. रांगेत उभे सहाशे ब्रिटिश, समोर रांगेत उभे सहाशे फ्रेंच. फिगर पंधरा मिलिमीटरच्या. जमिनीचं प्रमाण: टेबलावरचा एक मिलिमीटर म्हणजे मैदानावरचा एक मीटर. सहा फुटी टेबल म्हणजे जेमतेम १,८०० मीटर, आणि शंभर मीटरवरचा मस्केटचा मारा म्हणजे दहा सेंटिमीटर.

सुरुवात फिगरपासून करू नका, दर्शनी रुंदीपासून करा. ब्रिटिश दोन रांगांत उभे, म्हणजे ३०० जण पुढे. एका माणसाला खांद्यापासून खांद्यापर्यंत सुमारे ५५ सेंटिमीटर. म्हणजे १६५ मीटर, टेबलावर १६५ मिलिमीटर. फ्रेंच नियमाप्रमाणे तीन रांगांत, म्हणजे २०० जण पुढे, प्रत्येकाला सुमारे ६५ सेंटिमीटर. म्हणजे १३० मिलिमीटर. माणसं तेवढीच, पण ब्रिटिश ओळ फ्रेंच ओळीपेक्षा दोन्ही टोकांना बाहेर जाते. ब्रिटिश गोळीबाराचं बरंचसं इंगित या ३५ मिलिमीटरमध्ये आहे, त्यासाठी नियमांत वेगळा ‘ब्रिटिश बोनस’ घालायची गरज पडत नाही.

आता सांधे. ब्रिटिश कंपन्या दहा, म्हणजे प्रत्येकीला साडेसोळा मिलिमीटर. एवढ्या अरुंद बेसवर फिगर नीट बसत नाहीत, म्हणून दोन-दोन कंपन्यांची जोडी करा. ब्रिटिश कवायतीत या जोडीला ‘ग्रँड डिव्हिजन’ असं नावच होतं, त्यामुळे ही पळवाट नाही. ३३ मिलिमीटरचे पाच बेस, प्रत्येकावर पुढे तीन आणि मागे तीन फिगर. एकूण तीस, म्हणजे एक फिगर वीस माणसांची. लाइट कंपनी (ब्रिटिशांचे पांगून लढणारे चपळ शिपाई) पुढे निघाली की दाखवायला सुट्या तीन फिगरचा एक लहान बेस जवळ ठेवा, आणि ती बाहेर असेपर्यंत ओळीच्या डाव्या टोकाला खूण ठेवा.

फ्रेंच कंपन्या सहा, प्रत्येकी शंभर माणसं, २२ मिलिमीटर रुंद. वीसास एक या हिशेबाने कंपनीला पाच फिगर यायला हव्यात. पण दोन रुंद आणि तीन खोल असा बेस केला, तर सहा बसतात आणि तीन रांगाही डोळ्यांना दिसतात. मग सहा की पाच? मी सहा लावतो. समोरच्यापेक्षा सहा फिगर जास्त दिसतात हे खरं, पण जमीन बरोबर तेवढीच व्यापली जाते, आणि डावात मोजायचे असतात ते बेस. फिगरची संख्या आणि दर्शनी रुंदी यांचं भांडण लागलं, तर नेहमी रुंदीच्या बाजूने उभं राहावं. १८२४ मध्ये प्रशियात राइसविट्झने जो युद्धखेळ बेतला, त्यातले ठोकळेसुद्धा १:८००० च्या नकाशावर तुकडी जेवढी जागा घेईल त्या मापाने कापलेले होते, आणि माणसं आकड्यांत मांडलेली होती.

आता हे सहा बेस दोन-दोन करून तीन ओळींत लावा. ४४ मिलिमीटर रुंदीचा, त्या काळच्या नियमाबरहुकूम कॉलम समोर उभा राहतो. चार बेसच्या बटालियनमध्ये मला जे जमत नव्हतं, ते इथे आपोआप जमलं. उजवीकडे ग्रेनेडिअर, डावीकडे व्होल्टिजर. व्होल्टिजरचा बेस उचलून पुढे पाठवला की कॉलम लंगडा दिसतो, आणि तसाच दिसायला हवा. ग्रेनेडिअर आणि व्होल्टिजर दोन्ही बाहेर असतील तर बटालियनने एकेका कंपनीच्या रुंदीने हलावं, असं १८०८ चा नियमच सांगतो.

खोली मात्र कधीच खरी येणार नाही. तीन रांगांची ओळ प्रत्यक्षात दोन-तीन मीटर खोल, तुमचा बेस वीस-पंचवीस मिलिमीटर खोल. म्हणून सगळी मापं पुढच्या कडेपासून घ्या आणि मागच्या कडेला नियमांत काहीही अर्थ देऊ नका.

तोफांना वेगळं प्रमाण लावावं लागतं. फ्रेंच पायदळी बॅटरीत आठ नळ्या (सहा तोफा, आणि उंच कमानीत गोळा फेकणाऱ्या दोन हॉविट्झर), फ्रेंच घोडेस्वार बॅटरीत सहा, ब्रिटिश बॅटरीत सहा. एक मॉडेल म्हणजे दोन नळ्या धरल्या, की चार, तीन, तीन. अपूर्णांक राहत नाही.

१९४४: बटालियन सांध्यांनी मोजा

विसाव्या शतकात दर्शनी रुंदीचा हिशेब तेवढा चालत नाही, कारण माणसं पांगून आडोसा घेतात. तिथे मोजायची ती हत्यारं आणि त्यांच्या जोड्या. समजा खेळाडू ब्रिटिश बटालियनचा कर्नल आहे, बेस प्लाटूनचा.

चार रायफल कंपन्या, प्रत्येकीत तीन प्लाटून: बारा बेस. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. गोंधळ होतो तो सपोर्ट कंपनीत. तिच्यात सहा तीन इंची उखळी तोफा, सहा सहा-पाउंडर रणगाडाविरोधी तोफा, तेरा कॅरियर गाड्या (हलक्या चिलखती गाड्या) आणि पायोनिअरांची (बांधकाम-खोदकाम करणाऱ्या शिपायांची) प्लाटून. ‘पाचास एक’ असलं सरसकट प्रमाण लावलं, तर उखळी तोफ एक, रणगाडाविरोधी तोफ एक, कॅरियर अडीच. कर्नलला रणगाडाविरोधी तोफ तीन रस्त्यांवर वाटायची असते, आणि तुम्ही त्याच्या हातात एकच दिली.

त्याऐवजी सांधा पाहा. रणगाडाविरोधी तोफा दोन-दोनच्या तीन सेक्शनमध्ये, म्हणून तीन बेस. उखळी तोफाही जोड्यांनी, म्हणून तीन. कॅरियर तीन-तीनच्या चार सेक्शनमध्ये आणि तेरावी गाडी प्लाटून मुख्यालयाची, म्हणून चार. पायोनिअर एक, बटालियन मुख्यालय एक. बारा, तीन, तीन, चार, एक, एक: चोवीस बेसमध्ये बटालियन उभी राहिली, आणि कर्नल जो निर्णय घ्यायचा तो प्रत्येक निर्णय खेळाडूला घेता येतो. आघाडीच्या दोन कंपन्यांना दोन-दोन तोफांची एकेक जोडी दिली की तिसरी कुठे ठेवायची यावर त्याला खरोखर डोकं खाजवावं लागतं.

रणगाडे

रणगाड्यांच्या बाबतीत सरसकट प्रमाण सर्वांत जास्त घात करतं. १९४४ ची सोव्हिएत टी-३४ कंपनी दहा रणगाड्यांची: तीन-तीनच्या तीन प्लाटून आणि एक कमांडर. अमेरिकन मध्यम रणगाड्यांची कंपनी सतरांची: पाच-पाचच्या तीन प्लाटून आणि मुख्यालयात दोन. जर्मन टायगर कंपनी चौदांची: चार-चारच्या तीन आणि दोन. पाचास एक लावलं तर अमेरिकन कंपनीचे तीन मॉडेल येतात, सोव्हिएतचे दोन. तीन प्लाटूनची कंपनी दोन पायांवर उभी राहिली!

मी प्रत्येक प्लाटूनला एक मॉडेल देतो, मग ती कुणाचीही असो. तिन्ही कंपन्यांना तीन-तीन मॉडेल. आकारातला फरक दमात दाखवतो: सोव्हिएत मॉडेल तीन फटके सोसतं, टायगर चार, अमेरिकन पाच. गोळीबाराचे फासेही तेवढेच, आणि प्रत्येक फटक्याला एक फासा कमी. सांधे मॉडेलने, संख्या फाशांनी. आजवर करून पाहिलेल्या सगळ्या तोडग्यांत हा मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

हुकूम पोहोचण्याची सोयही रचनेचाच भाग आहे. १९४१ च्या सोव्हिएत रणगाडा तुकड्यांत रेडिओ प्रामुख्याने अधिकाऱ्यांच्या रणगाड्यांत असत. तिथे कंपनीचे मॉडेल एकमेकांजवळ राहून कमांडरच्या मागेच हलावेत, आणि कमांडर गेला तर पुढचा हुकूम मिळेपर्यंत चालू काम चालू ठेवावं. पन्नास पानी नियमांपेक्षा ही एक अट त्या वर्षाची लढाई जास्त नीट दाखवते.

उसनी दिलेली माणसं

तक्त्यातली नीटनेटकी बटालियन लढाईत क्वचितच तशी दिसते. १९४३ नंतरच्या बहुतेक अमेरिकन आर्मर्ड (चिलखती) डिव्हिजनमध्ये तीन रणगाडा बटालियन, तीन आर्मर्ड इन्फंट्री बटालियन आणि तीन तोफखाना बटालियन होत्या. त्यांच्यावर ए, बी आणि आर अशी तीन कॉम्बॅट कमांड मुख्यालयं. कोणती बटालियन कोणाकडे, हे मोहिमेप्रमाणे ठरायचं. जर्मन ‘काम्फग्रुपे’चंही, म्हणजे कामापुरत्या जुळवलेल्या मिश्र तुकडीचंही, तेच तत्त्व. म्हणून आधी मूळ रचना पूर्ण मांडा, मग उसनवारी करा. उसनी द्यायची ती पूर्ण उपतुकडी, म्हणजे अख्खी कंपनी किंवा अख्खी प्लाटून. ‘इकडचे दोन रणगाडे, तिकडची एक तोफ’ असं चिवड्यासारखं मिसळायचं नाही. आणि उसनी तुकडी कोणाचा हुकूम मानते, हे डाव सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहा.

बेसच्या पाठीवर

प्रत्येक बेसच्या मागच्या कडेवर तुकडीचं नाव लिहा: बी कंपनी, २ प्लाटून. ब्रिटिश रणगाड्यांसाठी खरी खूणच वापरता येते: मुख्यालयाला चौकट टोकावर उभी, ए स्क्वाड्रनला त्रिकोण, बीला चौकोन, सीला वर्तुळ. रंगही ठरलेले: ब्रिगेडमधल्या ज्येष्ठ रेजिमेंटचा लाल, दुसरीचा पिवळा, तिसरीचा निळा. बुरुजावरची ही खूण नीट रंगवली की वेगळी चिठ्ठी लावावी लागत नाही.

आणि रंगाचा ब्रश हातात घेण्याआधी एक संध्याकाळ पुठ्ठ्याला द्या. ठरवलेल्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापा, त्यांवर पेन्सिलने नावं घाला आणि रिकाम्या टेबलावर पाच हालचाली करून पाहा: ओळ लावा, कॉलम करा, एक कंपनी पुढे पांगवा, एक उपतुकडी शेजारच्याला उसनी द्या, आणि हजेरी एक तृतीयांशाने घटवून पुन्हा मांडा. यातली एक जरी हालचाल अडली, तर बेसचं माप किंवा संख्या चुकली आहे. पुठ्ठा दोन मिनिटांत पुन्हा कापता येतो. माझे ते चार बेस मला पाण्यात भिजवून, सुरीने फिगर सोडवून पुन्हा बांधावे लागले, आणि तीन फिगरचे पाय घोट्यापासून तुटले.